साखरेचा खरा भाव

साखर किलोमागे दोन रुपयांनी वाढली की आपण बायका लगेच कुरकुर करतो. साहजिकच आहे, महिन्याचं बजेट आपल्यालाच सांभाळायचं असतं. पण मैत्रिणींनो, या साखरेची एक किंमत वाण्याच्या बिलात कधी येतच नाही.

आमच्या रावेतपासून कासारसाईचा साखर कारखाना काही फार लांब नाही. अशा कारखान्यांसाठी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडची जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन गाव सोडतात. नवरा-बायकोचा हिशेब मिळून एकच 'कोयता'. एकाचा खाडा झाला तरी दंड. पाळीत पोट दुखत असलं तरी मोळी डोक्यावर घ्यायचीच. फडावर ना संडास, ना पुरेसं पाणी. दुखणं अंगावर काढून बाई शेवटी डॉक्टरकडे जाते, तेव्हा कित्येकदा कॅन्सरची भीती घालून 'पिशवी काढा' असं सांगितलं जातं. ऑपरेशनचा खर्च? तोही पुढच्या उचलीतूनच.

नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या २०१९ च्या अहवालातले आकडे बघा. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहाजणींत एक! कित्येकजणी तर चाळिशीच्याही आतल्या.

साखर सोडा, असं मी म्हणत नाही. पण बाईच्या मजुरीचा हिशेब वेगळा हवा, पाळीच्या दिवसांत दंडाशिवाय सुट्टी हवी, फडावर पाणी-संडास हवा. हा खर्च कारखान्यांनी उचलायलाच हवा. त्यापायी साखर रुपयाने महागली, तर मी कुरकुर करणार नाही. तुम्ही कराल?