सिनेट पाठ, ग्रामसभा अनोळखी

पावसाळा सुरू होतो आणि शहापूर-मुरबाड परिसरातील महाविद्यालये पुन्हा गजबजू लागतात. आसनगाव, खर्डीकडून रेल्वेने, टोकावडे, सरळगाव, किन्हवलीकडून एसटीने मुले-मुली वर्गात येऊन बसतात. त्यांतील अनेक जण आपल्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे पहिलेच असतात. कला शाखेत राज्यशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे या ना त्या वर्षी अमेरिकेची शासनपद्धती येतेच. फिलाडेल्फियात १७८७ साली भरलेली घटनापरिषद, सिनेटचे १०० आणि प्रतिनिधिगृहाचे ४३५ सदस्य, अध्यक्षाचा नकाराधिकार, सर्वोच्च न्यायालयाचे पुनर्विलोकन ही सारी प्रकरणे त्याला अभ्यासावी लागतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वा कुणबी कुटुंबातील या मुलांना हे सारे कशासाठी शिकवायचे, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याची सामान्यतः दिली जाणारी दोन्ही उत्तरे चुकीची आहेत.

पहिले उत्तर तुच्छतेचे. परक्यांच्या राज्यकारभाराशी आपल्याला काय करायचे, असे ते म्हणते. दुसरे उत्तर दिपून गेलेल्या मनाचे. लोकशाही म्हणजे अमेरिका, आपण केवळ तिचे विद्यार्थी, अशी त्यामागची समजूत असते. महाराष्ट्राच्या विचारपरंपरेने या दोहोंपेक्षा वेगळा मार्ग दाखवला आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील जनतेला अर्पण केली, ती तेथील गुलामांच्या मुक्तीचे स्मरण करून. त्यांची दृष्टी अमेरिकेवर होती, पण चिंता येथील समाजाची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकी अध्यक्षीय पद्धती आणि संसदीय पद्धती यांची काटेकोर तुलना केली. पहिलीत स्थैर्य अधिक, दुसरीत उत्तरदायित्व अधिक. भारताने उत्तरदायित्वाला झुकते माप दिले आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. परक्याचे समजून घ्यावे, पारखावे आणि आपल्या गरजेच्या कसोटीवर स्वीकारावे किंवा नाकारावे, ही ती रीत होय.

आज वर्गात ही रीत कितपत उरली आहे? बहुतेक ठिकाणी अमेरिकेची राज्यघटना म्हणजे ‘ठळक वैशिष्ट्ये’ या मथळ्याखाली पाठ करायची एक यादी झाली आहे. गाईडमधील दहा मुद्दे उत्तरपत्रिकेत उतरतात, गुण मिळतात आणि पुढच्या सत्रात सारे विसरले जाते. मुलांकडे बुद्धी नाही म्हणून असे होत नाही. त्या ज्ञानाचा त्यांच्या जगण्याशी असलेला धागा कोणी दाखवून देत नाही, हे त्याचे खरे कारण आहे.

तो धागा सापडला तर काय घडू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. टेक्सास राज्यातील सरकारी महाविद्यालयांत पदवी घेणाऱ्याला, त्याचा मुख्य विषय कोणताही असो, शासनव्यवस्थेचा अभ्यास कायद्यानेच सक्तीचा आहे. त्या राज्याच्या ऑस्टिन येथील विद्यापीठात १९८२ साली ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने अशाच वर्गासाठी एक निबंध लिहिला. अमेरिकी संसदेच्या सदस्यांनी स्वतःचे वेतन बदलले, तर तो बदल मधली निवडणूक झाल्यावरच लागू व्हावा, अशी घटनादुरुस्ती १७८९ साली प्रस्तावित झाली होती. पुरेशा राज्यांनी मान्यता न दिल्याने ती अडगळीत पडली होती. तिला मुदत घातलेली नसल्याने ती अजूनही संमत होऊ शकते, असे वॉटसनचे प्रतिपादन होते. निबंधाला ‘सी’ श्रेणी मिळाली. तो गप्प बसला नाही. राज्याराज्यांच्या विधिमंडळ सदस्यांना त्याने पत्रे लिहिण्याचा सपाटा लावला आणि दहा वर्षांनी, १९९२ साली, तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता पूर्ण होऊन ती दुरुस्ती अमेरिकी घटनेची सत्ताविसावी दुरुस्ती ठरली. त्याच्या निबंधाची श्रेणी विद्यापीठाने २०१७ साली बदलून ‘ए’ केली. प्रारंभिक वर्गातील एक साधा विद्यार्थी घटनेचे कलम नीट वाचतो आणि त्याच्या चिकाटीने देशाची घटना बदलते, ही गोष्ट शहापूरच्या वर्गात सांगितली गेली पाहिजे.

आता प्रश्न शहापूरचाच घेऊ. तानसा जलाशय १८९२ पासून मुंबईची तहान भागवतो आहे. भातसा धरणही याच तालुक्यातील. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यातील जवळपास निम्मा वाटा भातसाचा आहे. आणि याच तालुक्यातील गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे दरवर्षी वृत्तपत्रांत छापून येतात आणि पहिल्या पावसाबरोबर विषय संपतो. अमेरिकेतील संघराज्यपद्धतीचा धडा येथे कामी येऊ शकतो. न्यूयॉर्क शहरही १०० किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या डोंगराळ भागातून पाणी आणते. तेथेही धरणांखाली गावे गेली आणि दोन-तीन पिढ्यांचा कडवटपणा साचला. राष्ट्रीय शासनाने १९८९ साली पिण्याच्या पाण्याचे नियम कडक केले, तेव्हा शहरापुढे दोन पर्याय राहिले. प्रचंड खर्चाचे शुद्धीकरण प्रकल्प उभारायचे, किंवा पाणलोटातील गावांशी समेट करून तेथील पाणी उगमापाशीच स्वच्छ राखायचे. अखेर जानेवारी १९९७ मध्ये शहर, राज्य, राष्ट्रीय पर्यावरण यंत्रणा आणि पाणलोटातील गावे यांच्यात लेखी करार झाला. राजीखुशीने विकणाऱ्याचीच जमीन शहराने घ्यायची, तिच्यावरचा स्थानिक करही भरायचा, गावांच्या सांडपाण्याची सोय आणि शेतीसुधारणा यांना पैसा द्यायचा, असे त्यात ठरले. या करारामागे कोणाचा दयाभाव नव्हता. आपल्या हातात कोणता अधिकार आहे हे जाणणाऱ्या गावांनी तो मिळवला. भातसाच्या काठी राहणाऱ्या विद्यार्थ्याने संघराज्याची ‘वैशिष्ट्ये’ लिहिताना हे उदाहरण लिहिले, तर त्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप उभा राहील.

मुरबाडची गोष्ट न्यायालयीन पुनर्विलोकनाची आहे. अमेरिकी घटनेत हा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो १८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात प्रस्थापित केला. भारतीय घटनेने मात्र अनुच्छेद १३, ३२ आणि २२६ यांद्वारे त्याला भक्कम आधार दिला आहे. तो मुरबाडपर्यंत पोहोचतो का? पोहोचतो. महानगराच्या पाण्यासाठी योजलेल्या काळू धरणाचे काम आवश्यक वनमंजुरीशिवाय सुरू झाले आणि बाधित गावांच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये कामाला स्थगिती मिळाली. धरणाचा विषय त्यानंतरही पुन्हा पुन्हा वर आला आहे. धरण व्हावे की न व्हावे, यावर मतभेद असू शकतात. वाढत्या शहरांची गरजही नाकारता येत नाही. परंतु कायद्याची पायरी ओलांडून ते होऊ शकत नाही, हे तेथे सिद्ध झाले. मार्शलचे नाव पाठ करणाऱ्या मुरबाडच्या मुलाला काळूचा खटला ठाऊक नसेल, तर दोष मुलाचा नव्हे.

अमेरिकेकडे पाहताना भाबडेपणाही नको. त्या देशाच्या मूळ घटनेने प्रतिनिधित्वाची गणना करताना गुलामाला तीन पंचमांश माणूस धरले. तेथील मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडले. कृष्णवर्णीयांचा मताधिकार दक्षिणेतील राज्यांत प्रत्यक्षात यायला १९६५ चा कायदा लागला. भारताने मात्र १९५० साली प्रजासत्ताक होतानाच प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत दिले. निरक्षर, भूमिहीन आणि वनात राहणाऱ्यालाही दिले. कमी लोकमते मिळवूनही अध्यक्ष होता येते, हे तेथे २००० आणि २०१६ साली दिसले. संसद आणि अध्यक्ष यांच्या ओढाताणीत २०१८-१९ मध्ये सरकारी कामकाजाचा काही भाग सलग ३५ दिवस बंद राहिला. ६ जानेवारी २०२१ रोजी तर संसदभवनावरच जमाव चालून गेला. यांत हिणवण्यासारखे काही नाही. कोणतीही घटना केवळ कागदाच्या बळावर टिकत नाही, ती जागरूक समाजाच्या बळावर टिकते, एवढाच त्याचा बोध आहे.

या जागरूकतेची शाळा गावातच आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मार्च महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गावकरी एकत्र बसून गावाच्या अंदाजपत्रकावर मत देतात आणि त्या प्रथेचे जगभर कौतुक होते. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे नियम यांनी तेथील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. भूसंपादनापूर्वी विचारविनिमय, गौण वनोपजावरील हक्क, पाच टक्के अबंध निधीच्या विनियोगातील सहभाग असे हे अधिकार आहेत. सिनेटवर निवडून जायला वयाची तीस वर्षे पूर्ण असावी लागतात. ग्रामसभेत बसायला अठरा वर्षे आणि मतदारयादीत नाव पुरते. म्हणजे प्रथम वर्षाचा विद्यार्थी ज्या सभागृहाचा स्वतः सदस्य होऊ शकतो, त्याविषयी त्याला ठाऊक नसते आणि सातासमुद्रापलीकडच्या सभागृहाची सदस्यसंख्या त्याच्या जिभेवर असते. हा विरोधाभास संपवला पाहिजे.

त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अंतर्गत गुणांसाठी प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एका ग्रामसभेला उपस्थित राहून तिचा वृत्तांत लिहावा, असे प्राध्यापक आजही ठरवू शकतात. सत्ताविभाजन शिकवताना सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्रामसभा यांच्यातील अधिकारांची वाटणी फळ्यावर मांडता येते. गावोगावी अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक आणि पेसाचे नियम मुलांसमोर ठेवावेत आणि त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. सुशिक्षित कुटुंबांनीही आपल्या मुलांना एवढा एकच प्रश्न विचारावा : गेल्या ग्रामसभेत, किंवा शहरात राहत असाल तर प्रभागात, काय ठरले?

शहापूर-मुरबाडच्या मुलाने अमेरिका जरूर शिकावी, मन लावून शिकावी. मात्र फिलाडेल्फियाचे प्रकरण मिटून तो घरी परतेल, तेव्हा येत्या ग्रामसभेच्या सूचनेवर त्याची नजर थांबली पाहिजे आणि त्या दिवशी तो तेथे हजर असला पाहिजे. त्याच्या गावाशेजारून जाणाऱ्या जलवाहिनीतील पाण्याचा हिशोब तेथे विचारता येतो. तो विचारणारी पिढी घडवणे हेच राज्यशास्त्राच्या शिक्षणाचे प्रयोजन आहे.