तुला काय दिसतंय?

आमच्या कॉलेजात वक्तृत्वाला ढाल आहे, वादविवादाला चषक आहे, काव्यवाचनाला प्रमाणपत्र आणि पेन आहे. ऐकण्याला मात्र काही नाही. ही तक्रार करायचा हक्क मला थोडा जास्त आहे, कारण वक्तृत्वाची ती ढाल दोन वर्षं माझ्याच टेबलावर होती. आणि त्याच दोन वर्षांत मला समोरच्या माणसाला एक साधं चित्र नीट सांगता येत नव्हतं, हे एका व्हिडिओ गेमनं दाखवून दिलं.

"साहित्य मंडळाच्या अंकात गेम?" असं एक-दोघांनी विचारलंच. होय की. वाचून मग बोला.

मी निपाणीचा. आमच्याकडं घर कर्नाटकात आणि गावाला लागून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, अशी गंमत आहे. बाजारात एकानं कन्नडमध्ये भाव विचारायचा, दुसऱ्यानं मराठीत सांगायचा, आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नाही. त्यामुळं मला कन्नड येतं, असा माझा गैरसमज होता. बेळगावात शिकायला आलो तेव्हा रूम पार्टनर मिळाला गोकाक तालुक्यातला. माझ्यापेक्षा एक वर्ष पुढं, पहिलीपासून कन्नड माध्यम. येताना करदंटाचा डबा घेऊन आला, म्हणजे सुरुवात चांगली झाली. पण पहिल्याच आठवड्यात तो "तो खिडकी उघड" म्हणाला आणि मी हसलो. नुसता हसलो नाही, मेसमध्ये चार पोरांसमोर नक्कल करून दाखवली. त्यानंतर तो माझ्याशी मराठीत बोलेनासा झाला. कन्नडमध्येही फारसा बोलत नव्हता. एका खोलीत दोन माणसं आणि मध्ये दोन मोबाईल, असे दोन-तीन महिने गेले.

मग १ नोव्हेंबर आला. बेळगावात ह्या तारखेचं काय असतं ते बाहेरच्याला समजावून सांगावं लागतं. १९५६ साली ह्याच दिवशी भाषावार राज्यं झाली. त्यामुळं शहरात एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, आणि दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिवस. दोन्ही घरच्यांचे फोन आले, बाहेर पडू नका म्हणून. त्याच्या आईचा कन्नडमध्ये, माझ्या आईचा मराठीत. वाक्य एकच. कॉलेजला सुट्टी. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर एक गेम होता, तो म्हणाला, "दोघं पाहिजेत. खेळतोस काय?"

गेमचं नाव 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स'. बोलत राहा, म्हणजे कुणी उडणार नाही. कॅनडातल्या ओटावाच्या स्टील क्रेट गेम्सचा, २०१५ चा. त्याचं मूळ २०१४ च्या ग्लोबल गेम जॅममध्ये, म्हणजे दोन-तीन दिवसांत गेम बनवायच्या मेळाव्यात तयार झालं. रचना अगदी साधी. एकाच्या पडद्यावर बाँब आणि उलटं धावणारं घड्याळ. दुसऱ्याच्या हातात बाँब निकामी करायचं २३ पानांचं पुस्तक. बाँबवाल्यानं पुस्तक बघायचं नाही, पुस्तकवाल्यानं पडदा बघायचा नाही. मध्ये फक्त बोलणं. गेम एकानंच घेतला तरी चालतो. पुस्तक फुकट मिळतं, आम्ही त्याची झेरॉक्स काढली आणि पाठीला पाठ लावून बसलो.

पहिला बाँब उडाला. दुसरा उडाला. तीन चुका झाल्या की खेळ खलास, आणि प्रत्येक चुकीनंतर घड्याळ जास्त जोरात पळतं. म्हणजे चुकलेल्या माणसालाच घाई करायला लावतात. परीक्षेसारखं.

बाँबच्या एका भागावर चार विचित्र चिन्हं असतात. पुस्तकात अशा चिन्हांच्या सहा उभ्या ओळी. ज्या ओळीत आपली चारही आहेत ती शोधायची आणि वरून खाली त्या क्रमानं बटणं दाबायची. आता ही चिन्हं ग्रीक, जुनी रशियन, कसली कसली. त्यांना नावच नाही. मी म्हणालो, "जिलबीसारखं आहे." त्याला पुस्तकात जिलबी कुठंच दिसेना. त्याला त्याच चिन्हात कन्नडचं एक वळणदार अक्षर दिसत होतं. "त्रिशूळ" म्हटल्यावर दोघांचं लगेच जमलं. "घोड्याचा नाल" पण जमलं. उलट्या ई वर दोन टिंबं होती, त्याला तो "डोळे असलेला ई" म्हणाला आणि ते नाव कायम झालं. आठवडाभरात झेरॉक्सच्या समासात आमची वीसेक नावं लिहून झाली, निम्मी मराठी, निम्मी कन्नड, आणि काही अशी की ती कुठल्याच भाषेची नाहीत. त्यातलं एकही मला आधीपासून येत असलेल्या भाषेत नव्हतं, आणि त्यालाही. त्यामुळं तिथं कुणी कुणाला हसायचा प्रश्न आला नाही.

हसायची वेळ नंतर आली, आणि माझ्यावर. एका भागात अदृश्य भिंतींची भूलभुलय्या असते. मी पडद्यावर, त्याच्याकडं नकाशा. मी घाईघाईनं उजवीकडं सरकायला लागलो तसा तो ओरडला, "केळ, केळ!" मी खाली सरकलो. धडाम. कन्नडमध्ये खाली म्हणजे 'केळग', आणि 'केळ' म्हणजे ऐक. तो बिचारा मला ऐक म्हणत होता. दोन भाषा येणाऱ्या माणसाला ह्या गोष्टी कळत नाहीत असं नाही. पण मी ऐकण्याच्या आधीच अर्थ लावून मोकळा झालो होतो. (मराठी केळ्याचा विचार मनात आला नाही, एवढंच नशीब.) दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्यानं माझी नक्कल केली. फिट्टंफाट झाली.

ही नुसती पोरखेळातली गंमत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसं गेली. एक सौदी विमान दिल्लीहून निघून १४ हजार फुटांवर चढत होतं, समोरून येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५ हजारावर थांबायचं होतं. ते थांबलं नाही, खाली आलं. कझाक वैमानिकांचं इंग्रजी बेताचं, सवय मीटरची, आणि त्या विमानात दिल्लीशी बोलणारा रेडिओवाला वेगळा होता. त्याच्यापुढं स्वतःचं उंचीचं यंत्र नव्हतं, वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून बघावं लागायचं. म्हणजे बोलणारा एक आणि बघणारा दुसरा. हे वाचलं तेव्हा मला आमची खोली आठवली आणि जरा कसंतरीच झालं. आमचा बाँब परत सुरू करता येतो.

त्यानंतर आम्ही सापडतील तेवढे असले गेम खेळलो. 'वी वेअर हिअर' हा डच लोकांचा गेम, २०१७ चा, पहिला भाग फुकट आहे. त्यात दोघं बर्फातल्या एका किल्ल्यात वेगवेगळ्या खोल्यांत अडकतात आणि हातात फक्त वॉकी-टॉकी. एक बोलत असेल तर दुसऱ्यानं गप्प बसायचं, सक्तीनंच. माझ्यासारख्याला हे औषध होतं. 'द पास्ट विदिन' (२०२२) तर फोनवर चालतो, दोन फोन एकमेकांना जोडलेलेही नसतात. एक जण भूतकाळात, एक भविष्यात, आणि दुवा म्हणजे तुमचं तोंड. 'पोर्टल २' मोठा नावाजलेला आहे, पण त्यात पडद्यावर खूण करून "इथं" असं दाखवता येतं. ते सापडल्यापासून आम्ही दोघं अर्धा तास एक शब्द न बोलता खेळलो. गेम उत्तम, पण माझ्या मुद्द्याला उपयोगी नाही.

मुद्दा सगळ्यात जास्त पटला तो पहिल्याच गेममधल्या एका पानानं. त्या भागात छोट्या पडद्यावर एक शब्द येतो आणि त्यावरून कुठलं बटण वाचायचं ते ठरतं. शब्द मुद्दाम घोळ घालणारे निवडलेत. 'युअर' आणि 'यू आर', 'अहं' आणि 'अंहं' असे उच्चारात फसवणारे. एकदा मी म्हणालो, "नथिंग." तो म्हणाला, "नथिंग असं लिहिलंय, का काहीच लिहिलेलं नाही?" कारण दोन्ही प्रकार खरोखरच आहेत. ह्या पानाचं मराठी करायचं ठरवलं आणि लक्षात आलं की भाषांतर होतच नाही, नव्यानं बनवावं लागतं. मग आम्ही कागदाच्या चिठ्ठ्यांवर आपलं पान बनवलं. हं. हं? अहं. काय. काय? नको. नाही. येतो. आता 'येतो' म्हणजे यायला निघालो की घरातून बाहेर पडायला निघालो? आपल्याकडं जाणारा माणूसच येतो म्हणतो. मित्रानं त्यात 'हौद' घातला, कारण त्याच्याकडं होय म्हणजे हौदु, आणि माझ्याकडं हौद म्हणजे पाण्याचा. त्या संध्याकाळी मराठीचा जेवढा विचार केला तेवढा ढालीच्या भाषणासाठी कधी केला नव्हता. भाषणात 'अमृतातेही पैजा' वगैरे होतं सगळं. 'येतो' नव्हतं.

हे सगळं लिहायचं खरं कारण पुढं आहे.

जानेवारीत त्याला ताप आला. दोन दिवस क्रोसीनवर काढले, तिसऱ्या रात्री दवाखान्यात ॲडमिट करावं लागलं. डेंग्यू. तो ग्लानीत, त्याचा फोन माझ्या हातात, आणि फोनवर त्याची आई. तिला फक्त कन्नड येतं. मी माझ्या बाजारी कन्नडात सांगितलं: अव्वा, त्याला ज्वर आहे, दवाखान्यात आहे, घाबरू नका, सकाळच्या गाडीनं या. पलीकडं रडणंच सुरू झालं. एरवी मी तेच परत, आणखी जोरात सांगितलं असतं. आपण सगळे तेच करतो, समजलं नाही की आवाज चढवतो. पण दोन महिन्यांची सवय होती. बाँबवर आम्ही प्रत्येक सूचना दुसऱ्याकडून परत म्हणवून घ्यायचो. म्हणून मी म्हणालो, "अव्वा, ना एन हेळिदे, तिरुगि हेळ्री." मी काय सांगितलं ते परत सांगा. ती हुंदके देत म्हणाली, गाडी, दवाखाना, पडला.

'पडला' मी म्हटलंच नव्हतं. तिनं 'गाडी' आणि 'दवाखान्याग' एवढंच पकडलं होतं आणि मधला अपघात स्वतः भरला होता. आई आहे, भरणारच. मग एकेक वाक्य. ज्वर बंदद. तिनं परत म्हटलं. गाडीवरून पडला नाही. परत म्हटलं. नाळे मुंजाने बस. परत. सगळ्याला मिळून सहा-सात मिनिटं लागली असतील. माझं व्याकरण इतकं वाईट होतं की माझ्यावर मेसमध्ये कुणीही नक्कल करावी. ती सकाळी आली, हातात भाकरीचं गाठोडं. मला बघून आधी पाठीवर हात फिरवला, मग त्याच्याकडं गेली.

म्हणून मला राग येतो, जेव्हा आमच्या भागात भाषेवर एवढं बोललं जातं आणि ते सगळं पाट्यांबद्दल असतं. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा. त्याचं काय व्हायचं ते होईल, मला त्यात मत नाही असंही नाही. पण ह्याच गावात आपण रोज एकमेकांचं अर्धवट ऐकून बाकीचं मनानं भरतो. ते कुठल्याच आयोगाच्या कक्षेत येत नाही.

गेमच्या बाजूनं वकिली करताना खोटं बोलणार नाही. असले बरेच गेम एकदा सुटले की संपतात, परत मजा नाही. बहुतेक इंग्रजीत. आणि रात्री दोनपर्यंत जागून आम्ही एका इंटर्नलला पार झोपलो, तेही खरं. हेडफोन घालून अनोळखी पोरांना आईबहिणीवरून बोलणाऱ्या गेमांना कुणी ह्यात मोजू नये, तिथंही माइक असतो पण तो बोलण्यासाठी नसतो.

साहित्य मंडळाकडं मागणं एवढंच आहे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी वक्तृत्व ठेवा, जरूर ठेवा. त्याच्याबरोबर एक तास पाठीला पाठ लावून बसायचा ठेवा. एकाकडं चित्र, दुसऱ्याकडं कोरा कागद. मध्ये शब्द. जोडीत एक मराठी माध्यमाचा आणि एक कन्नड माध्यमाचा असला तर फारच उत्तम. परीक्षकाची गरज नाही, कागद बघितला की निकाल कळतो. आमचं चिठ्ठ्यांचं पान मी द्यायला तयार आहे. झेरॉक्सची प्रत मात्र एका ज्युनिअरनं नेलीय, आणि "डोळे असलेला ई म्हणजे काय?" असं त्यानं दोनदा मेसेज करून विचारलंय.

मित्र आता बेंगळुरूला आहे. त्याचा फोन लागला नाही की अव्वा मला फोन करते. परवा केला होता. मी सांगितलं, तो कामात आहे, उद्या घरी येतोय. मी काही म्हणायच्या आत तिनंच माझं वाक्य परत म्हणून दाखवलं, "नाळे बरतान?" तेव्हा कळलं. मला म्हणायचं होतं नाडिद्दु, परवा.

"इल्ला अव्वा," मी म्हणालो, "परत सांगतो."