समजले, की केवळ ऐकले?

१२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळी हरयाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे प्राणांस मुकली. दिल्लीहून निघालेल्या सौदी अरेबियाच्या बोइंगमध्ये पोटापाण्यासाठी परमुलुखी चाललेले अनेक भारतीय होते. समोरून दिल्लीकडे येणारे विमान कझाकस्तानचे होते. एकास १४ हजार फुटांवर व दुसऱ्यास १५ हजार फुटांवर राहण्याची आज्ञा होती. आपण १५ हजारांवर आलो असल्याचे कझाक विमानाने कळविलेही. परंतु ते त्याहून खाली होते आणि आणखी खाली उतरत होते. जाणाऱ्या व येणाऱ्या विमानांस त्या काळी एकच मार्ग होता, आणि दिल्लीच्या नियंत्रकापुढील रडारवर विमानाची उंची दिसत नसे. म्हणजे उंचीविषयी त्याच्यापाशी पुरावा होता तो केवळ पलीकडून आलेल्या शब्दाचा!

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने या अनधिकृत उतरण्यास अपघाताचे मूळ कारण ठरविले आणि कझाक वैमानिकाचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान हेही त्याच्या कारणांत नोंदविले. तेव्हापासून आपल्याकडे या विषयावरील चर्चा 'परदेशी वैमानिकांचे इंग्रजी कच्चे' या वाक्यापाशी येऊन थांबते. हे निदान खोटे नाही. परंतु अपुरे आहे, असे आम्हांस वाटते.

कारण याहूनही भीषण अपघात झाला तेव्हा इंग्रजीचा तसा दुष्काळ नव्हता. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथे, दाट धुक्यात, एकाच धावपट्टीवर एक डच व एक अमेरिकन अशी दोन जंबो विमाने होती. डच विमानास पुढील मार्गाची अनुज्ञा मिळाली होती, उड्डाणाची नव्हे. त्याच्या वैमानिकाने 'आम्ही आता टेकऑफवर आहोत' अशा अर्थाचे शब्द उच्चारले. नियंत्रकाने त्याचा अर्थ 'उड्डाणास सज्ज आहोत' असा घेतला व 'ओके' म्हटले. 'थांबा, मी सांगेन' हे त्याचे पुढचे शब्द आणि 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' ही अमेरिकन विमानाची हाक एकाच वेळी निघाल्यामुळे डच वैमानिकांच्या कानी स्पष्ट पडले ते एवढे 'ओके'च. उरलेले कर्कश आवाजात बुडाले. धावत्या विमानात डच अभियंत्याने शंका काढली : ते अमेरिकन विमान बाजूस झाले आहे ना? अत्यंत ज्येष्ठ अशा मुख्य वैमानिकाने ठासून होकार दिला. अभियंत्याने पुन्हा विचारले नाही. ५८३ माणसे गेली.

ज्यांनी वर्गात शिकविले आहे त्यांस हा होकार परका वाटणार नाही. 'समजले ना?' असे विचारताच चाळीस मुले एका सुरात 'हो' म्हणतात. त्यातली निम्मी घंटेकडे पाहत असतात. आम्हीही त्या 'हो'वर विसंबून फळा पुसला आहे. तेथे फार तर एक गणित चुकते.

हवाई व्यवहारात यावर उपाय आहे व तो जुना आहे : महत्त्वाची आज्ञा जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची आणि देणाऱ्याने ती कान देऊन ऐकायची. टेनेरिफनंतर 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची अनुज्ञा देताना वा रद्द करतानाच वापरावा, असेही ठरले. चरखी दादरीनंतर दिल्लीत येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखविणारे रडार आले, टक्कर टाळणारी यंत्रे विमानांत सक्तीची झाली. या सुधारणांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तथापि, म्हणून दाखविलेले ऐकण्यास यंत्र नव्हे, सवड लागते. घाईच्या वेळी नियंत्रकाच्या कानी त्याला अपेक्षित असलेलेच शब्द पडतात. वैमानिकासही 'पुन्हा सांगा' म्हणणे कमीपणाचे वाटते आणि सहवैमानिकास तर आगाऊपणाचे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २००३ साली वैमानिक व नियंत्रक यांच्यासाठी भाषेची जी कसोटी घातली, तीत उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ, आकलन यांबरोबरच सहावे अंग संवादाचे आहे : न समजलेले विचारून घेणे. सर्वांत कमी गुण ज्या अंगात, तीच उमेदवाराची पातळी. आपल्या परीक्षकांनी हे सहावे अंग सर्वांत कठोरपणे तपासावे, अशी आमची मागणी आहे. आणि जेथे मुख्यतः एकाच धावपट्टीवरून दिवसाकाठी सुमारे नऊशे विमाने येतात-जातात, त्या मुंबईसारख्या विमानतळावर एका नियंत्रकाने एका वेळी किती विमाने सांभाळावीत व किती तासांनी विसावा घ्यावा, याचा हिशेब मांडताना वैमानिकाचे उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत ऐकून घेण्याची ती चार सेकंदेही सरकारने जमेस धरावीत.