कट्टी संध्याकाळपर्यंतच

परवा नातू रडत घरात आला. गोटीवरून शेजारच्या पोराशी भांडण. हा म्हणतो "माझी", तो म्हणतो "नंदु". कन्नडात अर्थ तोच, आणि आवाजही तेवढाच चढा!

साठेक वर्षांपूर्वी बेळगावच्या शहापुरात आम्हीही असेच भांडायचो. १ नोव्हेंबरला आमच्या घरी काळा दिवस, शेजारी राज्योत्सव. दुपारी मात्र आम्ही दोघं गोट्यांवर! भांडण व्हायचं ते रडीच्या डावावरून. भाषेवरून भांडायचं सुचलंही नाही. ते पुढे मोठ्यांकडून शिकलो.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांचा गोट्यांचा खेळ बघून १९३२ साली पुस्तक लिहिलं. लहानांना नियम अढळ वाटायचे. जरा मोठी मुलं सांगायची, सगळे कबूल असतील तर नियम बदलता येतो. जिनिव्हाची पोरं काय नि आमची काय, फरक सांगा बघू!

मला वाटतं, हाव आणि न्यायाची चाड दोन्ही घेऊनच माणूस येतो. "माझी" म्हणून ओढणारं पोरच "त्याला दोन, मला एक का?" असंही विचारतं. सीमाप्रश्नावरचं माझं मत मी सोडलेलं नाही. पण नातवाचे डोळे पुसताना "ते लोक असलेच" हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

संध्याकाळी दोघांची बट्टी झाली. गोटी शेवटी कुणाकडे गेली, विचारलं तर दोघांनाही आठवेना.