वजडीला सूचीत जागा हवी

सीमाभागातील मराठीच्या खाद्यशब्दांची सूची करण्याचा आपल्या मंडळाचा संकल्प स्तुत्य आहे. तिचा खर्डा सभासदांकडे आला, तो मी दोनदा वाचला. धपाटे, आंबील, येसर, शेंगापोळी यांच्या नोंदी नेटक्या आहेत. मांसाहाराची बोळवण मात्र ‘मटण’, ‘रस्सा’ आणि ‘खिमा’ या तीन शब्दांवर केली आहे. वजडी, रक्ती, मुंडी, पाया, काळीज यांपैकी एकही शब्द नाही. बैठकीत विचारले, तेव्हा ‘हे शब्द अभिरुचीला धरून नाहीत’ असे उत्तर मिळाले. त्याच बैठकीत चहाच्या वेळी ब्रिटिशांच्या जुन्या पदार्थांच्या नावांची थट्टा झाली. ‘टोड इन द होल’ म्हणजे बिळातला बेडूक! सारे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र वाटले, की ज्यांना आपण हसलो त्यांनीच आपल्या खर्ड्याला उत्तर देऊन ठेवले आहे.

त्या पदार्थात बेडूक नसतो. पातळ पिठात सॉसेज ठेवून ते भाजतात. पिठातून वर डोकावणाऱ्या तुकड्यांवरून हे नाव पडले असे मानतात. ‘कॉटेज पाय’ म्हणजे झोपडीतला पदार्थ. उरलेल्या मांसाचा खिमा करून त्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर द्यायचा आणि भाजायचे. हे नाव १७९१ पासून आढळते. बटाटा हे तेव्हा गरिबाचे अन्न होते, आणि नावाने ते लपविले नाही. मेंढपाळाच्या नावाचा ‘शेफर्ड्स पाय’ त्याचाच पाठचा भाऊ.

‘हंबल पाय’ची कथा अधिक बोलकी आहे. हरणाच्या काळीज, आतडी इत्यादी भागांना जुन्या इंग्रजीत ‘अंबल्स’ म्हणत. त्यांचा पदार्थ तो अंबल पाय. ‘हंबल’ म्हणजे नम्र हा शब्द मुळात वेगळा. उच्चाराच्या साम्याने दोन्ही एक झाले आणि ‘हंबल पाय खाणे’ म्हणजे मान खाली घालून चूक कबूल करणे, असा वाक्प्रचार रूढ झाला. पदार्थ ताटातून गेला, शब्द भाषेत राहिला. स्कॉटलंडच्या हॅगिसमध्ये तर मेंढीचे हृदय, यकृत आणि फुप्फुस ओटाच्या भरडीबरोबर तिच्याच जठरात भरून शिजवितात. रॉबर्ट बर्न्सने १७८६ साली त्यावर कविता लिहिली. आजही २५ जानेवारीला, त्याच्या जन्मदिनी, ती कविता म्हणत हॅगिस कापतात. आपल्या वजडीचे हे सख्खे भावंड त्यांच्या राष्ट्रकवीच्या पंक्तीला बसते. आपल्याकडे वजडीला सूचीतही जागा नाही.

आता खर्ड्याने ज्याला सभ्य ठरविले त्या ‘मटण’ शब्दाकडे पाहा. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. मेंढी राखणाऱ्या प्रजेने तिला ‘शीप’च म्हटले, आणि जिंकणाऱ्यांच्या फ्रेंच ‘मूताँ’ या शब्दावरून तिच्या मांसाचे नाव ‘मटन’ झाले. वॉल्टर स्कॉटने ‘आयव्हॅनहो’ कादंबरीत विदूषकाच्या तोंडून नेमके असेच भेद दाखविले आहेत: जनावर राखणाऱ्याची भाषा वेगळी आणि खाणाऱ्याची वेगळी. तोच शब्द इंग्रजांबरोबर इकडे आला आणि आपण तो बकऱ्याच्या मांसाला लावला. ‘खिमा’ही तुर्की-फारसीतून आलेला. बाहेरून आलेल्या शब्दांना माझा विरोध नाही. पण पाहुण्यांना ओसरीवर बसवून घरच्यांना परसदारी उभे करणे, याला अभिरुची म्हणता येणार नाही.

काही सभासद म्हणतील, आमच्या घराण्यांत हे पदार्थ कधी झालेच नाहीत. माझ्याही घरात मांस शिजत नाही. हा आग्रह माझ्या जिभेचा नव्हे. परंतु सूची आपल्या चार वाड्यांची करावयाची आहे की भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथल्या मराठीची? वजडी हा शब्द मला औरादकडील दौऱ्यात एका शिपायाकडून कळला. बकरे कापले की वजडी आणि काळीज आधी शिजवितात, कारण ते भाग लवकर नासतात, हेही त्यानेच सांगितले. आता बाजारात ‘बोटी’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. आपली मुले कन्नड आणि इंग्रजी शाळांत शिकतात. वजडी आज लिहून ठेविली नाही, तर उद्या तिचा अर्थ सांगणारा मिळणार नाही.

शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांची खाद्यसंस्कृती मांडली. २०२४ साली तिचा इंग्रजी अनुवाद आला. उंबरठ्यापलीकडे झालेले हे काम आपण पाहिलेच नाही काय? मोल्सवर्थच्या कोशानेही अनेक शब्दांवर ग्राम्यतेचा शेरा मारला, पण शेरा मारून ते छापले. लंडनमध्ये फर्गस हेंडरसन यांनी १९९४ साली ‘सेंट जॉन’ हे उपाहारगृह काढले, आणि जनावराच्या नाकापासून शेपटीपर्यंतचे जुने पदार्थ प्रतिष्ठेच्या ताटात परत आले. ते शक्य झाले, कारण पदार्थांची नावे शिल्लक होती.

म्हणून माझी मागणी अशी: वजडी, रक्ती, मुंडी, पाया, काळीज हे पाच शब्द अर्थ, कृती आणि तालुका यांसह सूचीत घ्यावेत. त्यांची माहिती ज्यांच्या घरी ते शिजतात त्यांच्याकडे जाऊन विचारावी, आणि सांगणाऱ्याची संमती असल्यास त्याचे नाव नोंदीखाली छापावे. हे करावयाचे नसेल, तर सूचीच्या मुखपृष्ठावरून ‘सीमाभागातील मराठी’ हे शब्द काढून तिथे ‘आमच्या घरातील मराठी’ असे छापावे. ते तरी खरे असेल.