चार बोटे जागा आणि मधला वर्ग



रेल्वेने १९७४ साली तिसरा वर्ग बंद केला. ज्यांनी तो डबा पाहिला आहे त्यांना आठवत असेल, की डब्यावरची पाटी बदलली, तिसऱ्याचा दुसरा झाला, पण बसायला लाकडी बाके तीच राहिली. पुढे १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील बाकांवर दोन इंच स्पंज घालायला लावला. दोन इंच म्हणजे काय ते लाकडावर रात्र काढलेल्या माणसालाच विचारावे. त्यासाठी कोणाची जागा गेली नाही, वेगळे तिकीट निघाले नाही.

आज विमानात नेमके उलटे चालले आहे. तेथे एक वर्ग कमी होण्याऐवजी वाढला आहे. पुढे बिझनेस, मागे इकॉनॉमी आणि दोहोंच्या मध्ये 'प्रीमियम इकॉनॉमी'. एअर इंडियाची जुनी विमाने एकामागून एक कारखान्यात नेऊन, आतील सीटा उपटून, हा मधला वर्ग त्यांत बसवला जात आहे. आणि विमाने कारखान्यात गेली की वेळापत्रके बदलत आहेत.

कोणी म्हणेल, आमच्या पानावर विमानाची चर्चा कशाला? पण तुर्भे, घणसोली, दिघा, नेरूळ, पनवेल या भागांतील किती घरांतून मुले आखाती देशांत कामाला गेली आहेत, किती मुली परिचारिका होऊन परदेशी गेल्या आहेत, हे आम्ही नव्याने सांगायला नको. मुले आई-वडिलांना भेटीला बोलावतात, मोबाईलवर तिकीट येते आणि त्यावर काय लिहिले आहे हे वाचून सांगणारा घरात कोणी नसतो. त्यातच २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या दाराशीच, नवी मुंबई विमानतळावरून, विमाने उडू लागली. तेव्हा हा विषय आता आपल्या ओट्यावरचाच झाला आहे.

घणसोलीच्या एका भगिनीने आम्हाला असाच प्रश्न केला. मुलीने लंडनहून तिकीट पाठवले आहे, त्यावर 'प्रीमियम इकॉनॉमी' लिहिले आहे, पैसे बरेच जास्त पडले आहेत. हे पैसे सार्थकी लागतील का, की कंपनीने पोरीला फसवले?

उत्तर एका शब्दात देता येत नाही. विमान कोणते, त्यावर ते अवलंबून आहे.

ही मधल्या वर्गाची कल्पना जगात १९९२ च्या सुमारास आली. तैवानच्या इव्हा एअरने आणि इंग्लंडच्या व्हर्जिन अटलांटिकने ती प्रथम काढली. भारतीय कंपन्यांत ती आणली विस्ताराने, ९ जानेवारी २०१५ रोजी पहिले उड्डाण केले तेव्हापासून. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. एअर इंडिया त्याआधीच, २७ जानेवारी २०२२ रोजी, सरकारकडून टाटांकडे गेली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कंपनीने जाहीर केले की लांब पल्ल्याची चाळीस जुनी विमाने आतून नव्याने सजवू आणि त्यासाठी चाळीस कोटी डॉलर खर्च करू.

त्या चाळिसांच्या आधी पाळी आली ती देशांतर्गत फिरणाऱ्या लहान विमानांची. अशी एअरबस ए-३२० निओ जातीची २७ विमाने होती. त्यांचे काम सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. त्याचा हिशेब शांतपणे पाहण्यासारखा आहे.

पूर्वी या विमानात १२ सीटा बिझनेसच्या आणि १५० इकॉनॉमीच्या, एकूण १६२ होत्या. नव्या रचनेत बिझनेस ८, प्रीमियम इकॉनॉमी २४ आणि इकॉनॉमी १३२, एकूण १६४. म्हणजे मधल्या वर्गाला ज्या २४ जागा मिळाल्या, त्यांतील ४ पुढच्यांनी सोडल्या, २ नव्याने निघाल्या आणि १८ गेल्या त्या मागच्यांच्या. विमानाची लांबी काही वाढलेली नाही. नळकांडे तेवढेच आहे, आतले पडदे तेवढे सरकले.

हे ऐकून लोकलने जाणाऱ्या वाचकाला काही आठवेल. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथे प्रवासी रुळांवर का उतरले होते? वातानुकूलित गाडीला त्यांचा विरोध नव्हता. साधी गाडी काढून तिच्या वेळेवर वातानुकूलित गाडी सोडली, याला विरोध होता. मध्य रेल्वेला त्या वेळी दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. विमानाचा प्रवासी रुळावर बसू शकत नाही. अठरा सीटा कमी झाल्या हे त्याला कळतही नाही. ऐन सुटीत स्वस्त तिकीट लवकर संपते, एवढेच त्याला कळते.

आता त्या चोवीस जणांना मिळाले काय? मागच्या सीटांमध्ये, पुढच्या सीटच्या पाठीपासून आपल्या पाठीपर्यंत, २८ ते २९ इंच अंतर आहे. मधल्या वर्गात ते ३२ इंच आहे. फरक तीन-चार इंचांचा, म्हणजे चार बोटांचा. पाठ थोडी अधिक मागे कलते. पण या लहान विमानात एका रांगेत दोन्ही वर्गांत सहाच माणसे बसतात, तीन इकडे, तीन तिकडे. खांद्याला खांदा तसाच लागतो. मुंबई ते दिल्ली दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. तेवढ्यासाठी घरच्या माणसांनी कष्टाचे पैसे घालावेत असे आम्हाला वाटत नाही. कंपनी पैसे देत असेल तर गोष्ट निराळी.

मोठ्या विमानाची गोष्ट मात्र वेगळी आहे. एअर इंडियाच्या ए-३५० जातीच्या विमानात इकॉनॉमीत एका रांगेत नऊ माणसे बसतात आणि मधल्या वर्गात आठ. विस्ताराकडून आलेल्या बोईंग ७८७-९ विमानांत नऊच्या जागी सातच बसतात. येथे सीट खरोखरच रुंद आहे. नऊ-दहा तासांचा प्रवास, साठी उलटलेली आई, गुडघे धरलेले, पाय सुजणारे, अशी परिस्थिती असेल तर मुलीने चार पैसे जास्त घातले ते योग्यच केले. आम्ही त्या भगिनीला हेच सांगितले. पण पुढे एक वाक्य जोडले: तिकिटावर जे विमान लिहिले आहे तेच येईल, असे मात्र समजू नका.

खरी गोम येथे आहे. विमान म्हणजे एस.टी.चा डेपो नव्हे, की एक गाडी बिघडली तर शेजारची काढली. लांब पल्ल्याची विमाने मोजकीच असतात. एअर इंडियाने बोईंग ७८७-८ जातीच्या २६ विमानांचे काम काढले. त्यांतील पहिले विमान जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथे, वाळवंटातील बोईंगच्या तळावर गेले. जुन्या रचनेत या विमानात १८ बिझनेसच्या आणि २३८ इकॉनॉमीच्या सीटा होत्या, मधला वर्ग नव्हताच. ते महिनोन् महिने बाहेर राहणार, म्हणजे तितकी उड्डाणे कमी होणार. कंपनीने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन ही सेवाच थांबवली आणि कारण देताना या दुरुस्तीमुळे विमाने कमी पडत असल्याचे सांगितले. जोडीला, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाल्याने पश्चिमेकडचे मार्ग लांबले होते. त्याआधी १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला याच जातीचे विमान कोसळून त्यातील २४१ आणि जमिनीवरील १९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर तपासण्यांसाठी कंपनीला मोठ्या विमानांच्या परदेशी फेऱ्या कमी कराव्या लागल्या होत्या. एका घरात चार माणसे आजारी पडावीत आणि रांधणारी एकच असावी, तशी ही अवस्था.

कंपनीने २०२५ मध्ये सांगितल्याप्रमाणे ७८७-८ चे काम २०२७ च्या मध्यापर्यंत आणि त्याहून मोठ्या ७७७ विमानांचे २०२८ पर्यंत चालायचे आहे. उशिराचे मोठे कारण ऐकून हसू येईल. विमाने आहेत, पैसा आहे, पण सीटा वेळेवर मिळत नाहीत! जगभर विमानाच्या सीटा करणारे कारखाने थोडे, आणि मागणी सर्वांची एकदम.

तेव्हा या काळात एकाच मार्गावर आज नवे, उद्या जुने असे विमान येऊ शकते. आपले तिकीट मधल्या वर्गाचे आणि आलेल्या विमानात मधला वर्गच नाही, असे झाले तर काय करायचे? आपण मागे बसतो, कारण विमान चुकवायचे नसते. पण मागे बसलो म्हणून हक्क सोडायचा नसतो.

१५ फेब्रुवारी २०२३ पासून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा यासाठी नियम आहे. प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध त्याला खालच्या वर्गात बसवले, तर देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम, करांसह, परत द्यावी लागते. परदेशी प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३,५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. मुंबई-दुबई मधल्या टप्प्यात येते, मुंबई-लंडन शेवटच्या. ही भीक नव्हे. तुम्ही भरलेल्या पैशाची वस्तू तुम्हाला मिळाली नाही, त्याची ही परतफेड आहे.

मात्र पुरावा हवा. मूळ तिकीट ज्या दिवशी काढले त्या दिवशीच त्याचा कागद छापून घ्यावा. विमानात शिरताना जो बोर्डिंग पास मिळतो तो घरी आल्यावर कचऱ्यात टाकू नये. आणि 'तुमच्या प्रवासात बदल झाला आहे, मान्य असल्यास येथे दाबा' असा संदेश आला तर घाईने बोट ठेवू नये. वर्ग बदलला आहे का, विमानतळ बदलला आहे का, हे आधी वाचावे किंवा शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावे.

हा संदेश येतो कोणाकडे, हाही प्रश्नच आहे. आखातात जाणाऱ्या आपल्या मुलांची तिकिटे बहुतेक एजंट काढतो आणि मोबाईल नंबर स्वतःचा घालतो. विमान रद्द झाले, वेळ बदलली, तर कळते एजंटला. तो सांगेल तेव्हा खरे. उद्या नुकसानभरपाई मागायला जावे तर कंपनी म्हणते, आम्ही कळवले होते. नियमच असा आहे, की ज्या प्रवाशाचा संपर्क कंपनीकडे नाही त्याला भरपाई मागता येत नाही. एजंटला ठणकावून सांगा: नंबर माझा घाल. यात भिडस्तपणा नको. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा ज्यांना घरीच कळले त्यांचा निदान विमानतळापर्यंतचा खर्च वाचला.

कोणते विमान येणार हे पाहणे अवघड नाही. तिकिटावर किंवा कंपनीच्या वेळापत्रकात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. ७८८ लिहिले असेल तर ते बोईंग ७८७-८, ७८९ म्हणजे ७८७-९, ३५९ म्हणजे ए-३५०. तिकीट काढताना पाहावे, महिनाभर आधी पाहावे, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावे. सीटांचा नकाशा बदललेला दिसला की विमान बदलले असे समजावे. जिज्ञासू मुलांनी शेपटीजवळची अक्षरेही वाचावीत. भारताच्या प्रत्येक विमानावर सुरुवातीला व्ही.टी. असते. ही अक्षरे ब्रिटिश राजवटीत मिळाली. आपले व्ही.टी. स्टेशन १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, विमानांचे व्ही.टी. अजून आहे तसेच आहे!

नवी मुंबईकरांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती सीटेपेक्षाही महत्त्वाची. आता 'मुंबई' लिहिलेल्या तिकिटाचे दोन अर्थ होतात. बीओएम ही अक्षरे असतील तर जुना, अंधेरी-सांताक्रूझकडचा विमानतळ. एनएमआय असतील तर उलव्याजवळचा नवा. दोघांमध्ये खाडी आहे आणि सायनचा रस्ता आहे. चुकीच्या दारात उभे राहिलात तर कोणताही नियम तुमचे पैसे परत देणार नाही. नव्या विमानतळावरून प्रथम उडाली ती इंडिगो, एअर इंडिया एक्स्प्रेस आणि अकासा यांची लहान विमाने. मधल्या वर्गाची चिंता तेथे करायची नाही, बाकीच्या बाबतीत डोळे उघडे ठेवायचे.

तक्रार कोठे करावी? आधी कंपनीकडे लेखी. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. तेथे दाद न लागल्यास केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' या संकेतस्थळावर, मोबाईलवरूनही करता येते. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे फी पडत नाही आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. स्वतःच्या भाषेत, तारखेवार, जे घडले ते लिहावे आणि तिकिटाची प्रत जोडावी.

मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक लागू होते. विमानांची अदलाबदल सर्वांत जास्त या दोन तारखांच्या आगेमागे होते. मे महिन्यात मुलांकडे जायचे तिकीट ज्यांनी आधीच काढून ठेवले असेल, त्यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते एकदा पुन्हा उघडून पाहावे.