बुरशीचे सोने

द्राक्षांवर बुरशी दिसली की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. हंगेरीच्या ईशान्येकडील तोकाय भागात मात्र तिची वाट पाहिली जाते. बोद्रोग व तिसा नद्यांमुळे तेथे शरद ऋतूत सकाळी धुके दाटते, दुपारी ऊन पडते. अशा हवेत फुरमिंट, हार्शलेवेल्यू या जातींच्या पिकलेल्या द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी धरते. मण्यांतले पाणी उडते, गोडी दाट होते. हे सुकलेले मणी एकेक करून हाताने खुडतात आणि त्यांपासून प्रसिद्ध गोड वाइन ‘ऑसू’ बनते. १७३७ मध्ये राजाज्ञेने या भागाची हद्द आखली गेली. २००२ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. मात्र ऐन हंगामात पावसाची झड लागली, तर हीच बुरशी घड कुजवते आणि वर्षभराचे कष्ट मातीमोल होतात.